मोकळी जमीन म्हणजे कोणती? लोअर परळचं प्रकरण

माझे वडील पावणेसातला घर सोडायचे आणि सातचा भोंगा होताना गिरणीत साच्यापाशी, म्हणजे कापड विणायच्या मागापाशी, उभे असायचे. डिलाईल रोडवरची चाळ, तिथून रेल्वेवरचा पूल, पूल उतरलं की तुलसी पाईप रोड आणि गिरणीचं गेट. दहा-बारा मिनिटांची वाट. त्यांनी आयुष्यात लोकलचा पास काढला नाही. गावी जायचं तर एसटी, बाकी सगळीकडे पाय. आज त्याच गेटातून आत जाणारी माणसं विरार, डोंबिवली, पनवेलहून येतात. लोअर परळच्या कायापालटाविषयी बोलताना लोक टॉवर मोजतात, मॉल दाखवतात. मला यातला सगळ्यात मोठा बदल हाच वाटतो, आणि तो कुठल्याही बिल्डरच्या माहितीपत्रकात नसतो.

नगररचना शिकणाऱ्या मुलांना मी गिरण्यांच्या जमिनींचं हे प्रकरण काही वर्षं शिकवतोय. पहिल्या तासाला कुणीतरी म्हणतंच, ‘सर, १९८२ च्या संपाने गिरण्या बुडाल्या, त्यात शिकायचं काय?’ शिकायचं ते पुढे आहे. गिरण्या जाणार हे १९८५ च्या सुमारास नाक्यावरच्या पानवाल्यालाही कळलं होतं. त्यांच्या जमिनीचं काय करायचं हे ठरवायला त्यानंतर वीस वर्षं मिळाली. तेवढ्या काळात नियम झाला, अहवाल झाला, कोर्टकचेरी झाली. एवढं सगळं हाताशी असताना जे झालं ते असं का झालं, हा प्रश्न आहे.

पायी चालणारं शहर

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी चालू झाली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, पैसा आला, गिरण्यांच्या चिमण्या वाढल्या. हा इतिहास शाळेत होतो, म्हणून इथे लांबवत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. गिरणीच्या भोवती माणसं राहत होती ती भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर. सकाळी सात, दुपारी साडेतीन, रात्री बारा. दर पाळीला हजारो माणसं एकदम रस्त्यावर यायची आणि पंधरा-वीस मिनिटांत गल्ल्यांमध्ये जिरून जायची. रस्ते अरुंद होते, पण माणूस रस्त्यावर फार वेळ नसायचाच.

घरं कशी होती म्हणाल तर १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी बघाव्यात. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. वरळीला १२१ इमारती, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२. गावकऱ्यांच्या खोलीत पंधरा-वीस जण राहायचे ते पाळ्यांच्या जोरावर: पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. बायकामुलं गावी, रत्नागिरीला नाहीतर साताऱ्याला. जेवण खानावळीत. या खानावळवाल्या बायकांचं कर्ज सावकाराकडून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे गिरणीच्या पगारावर किती चुली पेटत होत्या त्याचा अंदाज यावा.

गिरणगाव म्हटलं की डोळे भरून येणारी एक जमात आहे. भजनी मंडळं, शाहिरी, गणपती, कबड्डी. सगळं खरं. पण आमच्या वडिलांचा साचा आठवा. जुन्या धोट्यात, म्हणजे साच्यात आडवं सूत नेणाऱ्या लाकडी तुकड्यात, सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. दिवसातून कितीतरी वेळा, आणि तोच धोटा दुसऱ्या पाळीवाल्याच्या तोंडाला. या एका ओढीपायी दलित कामगारांना साचेखात्यात, जिथे पगार बरा, तिथे घेत नसत. त्यांच्या वाट्याला सूत कातायचं रिंगखातं. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हा मुद्दा उघडपणे मांडला होता. शिवाय छातीत जाणारी कापसाची धूळ वेगळी. त्यामुळे गिरणी राहायला हवी होती असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं जमिनीविषयी आहे.

१८ जानेवारी १९८२

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून धुसफूस झाली आणि स्टँडर्ड मिलचे कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्या दारात गेले. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटी करायचा हक्क फक्त मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगारांना तो संघ नको होता आणि सरकार कायदा सोडायला तयार नव्हतं. १८ जानेवारीपासून साठएक गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही.

आमच्या घरी त्या वर्षी गावाहून तांदूळ आला, तोही संपला. वडील दीड वर्षाने आत गेले ते बदली कामगार म्हणून, कुणी गैरहजर असेल त्या दिवशीच काम. मालकांनी दरम्यान कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर काढून घ्यायला सुरुवात केली होती, आणि जुन्या यंत्रांवर पैसा घालण्यापेक्षा खालची जमीन जास्त मोलाची आहे हे कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

एकूण ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन. त्यातल्या २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्या. हा २५ चा आकडा पुढे उपयोगी पडेल.

नियम ५८

१९९१ साली मुंबईची विकास नियंत्रण नियमावली आली. त्यातला ५८ वा नियम गिरण्यांच्या जमिनींचा. ढोबळमानाने तीन वाटे करायचे. एक पालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. उरलेला मालकाला, बांधा आणि विका. गिरणीच्या आकाराप्रमाणे टक्केवारी थोडी इकडेतिकडे व्हायची, पण तत्त्व एक तृतीयांशाचं. सगळ्या गिरण्यांना धरलं तर शहराला सुमारे २०० एकर मोकळी जागा आणि तेवढीच घरांसाठी. मुंबईसारख्या शहरात २०० एकर म्हणजे काय ते ज्याने शिवाजी पार्कवर संध्याकाळी बसायला जागा शोधली आहे त्याला सांगावं लागत नाही.

नियम चांगला होता. त्यात एक फट होती. वाटे करायचे ते गिरणी पाडून नवं बांधलं तर. आहे ती इमारत तशीच ठेवून आतला वापर बदलला, तर कुणाला काही द्यावं लागत नव्हतं. मग काय, १९९० च्या दशकाच्या शेवटी जुन्या शेडमध्ये जाहिरात कंपन्या, स्टुडिओ, हॉटेलं शिरली. १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलमध्ये बोलिंग अ‍ॅली आली. आम्ही पोरं तेव्हा बाहेरून बघायचो. आत जायचं तिकीट वडिलांच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढं होतं. बाजूला चिमणी तशीच उभी होती, आजही आहे.

दरम्यान १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी २५ गिरण्यांचा अभ्यास करून अहवाल दिला. वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ या अहवालावर घालवतो. त्याचा गाभा साधा आहे. प्रत्येक गिरणीचे वेगवेगळे तीन तुकडे केले तर पालिकेच्या हाती चिंध्या येतील: इथे कोपऱ्यात एक बाग, तिथे गटाराकडेला एक मैदान. त्याऐवजी सगळ्या गिरण्यांची जमीन आधी एकत्र धरा आणि मग वाटा. म्हणजे सलग रस्ता काढता येईल, मोठी बाग करता येईल, आणि परळ-एल्फिन्स्टनच्या स्टेशनांपाशी माणसांना उतरून पांगायला मोठा मोकळा चौक ठेवता येईल. शेतीच्या एकत्रीकरणाचीच ही कल्पना, गावाकडच्या कुणालाही पटकन कळेल. अहवाल कपाटात गेला.

मग २००१ ची दुरुस्ती. सरकारची बाजू अशी होती की वाटा द्यावा लागतो म्हणून कुणी गिरणी पाडतच नाही, जमीन अडकून पडली आहे, कामगारांची देणी थकली आहेत. नियम सैल केला तर गाडी हलेल. या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण सैल केलं ते कुठे, हे पाहण्यासारखं आहे. आता वाटे करायचे ते फक्त ‘मोकळ्या जमिनीचे’. आणि मोकळी म्हणजे जिच्यावर आधीपासून बांधकाम नाही ती. शेड पाडून मोकळी झालेली जमीन मोकळ्या जमिनीत धरायची नाही.

इथे थांबून गिरणी डोळ्यांसमोर आणावी लागते. कापडगिरणी ही उभी वस्तू नाही. ती आडवी पसरते. साचेखात्याची शेड एकमजली, वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, उत्तरेकडचा उजेड आत यावा म्हणून. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक धुळीत दिसायचं नाही. अशा शेडनीच सगळी जमीन व्यापलेली. मोकळं काय? गेटापासून आत जाणारा रस्ता, कापसाच्या गाठी उतरायचं अंगण, पाण्याचा तलाव असेल तर त्याचा काठ. म्हणजे दुरुस्तीआधी सबंध ताटाचे तीन वाटे व्हायचे, आता ताटाच्या कडेला सांडलेल्या भाताचे. एका व्याख्येने हे झालं. विधानसभेत गोंधळ नाही, रस्त्यावर मोर्चा नाही. आम्हाला, तिथे राहणाऱ्यांना, कळलं तेव्हा चार वर्षं उलटून गेली होती.

ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या याचिकेवर ही दुरुस्ती मालकांना हवी तशी वाचायला नकार दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. व्याख्या टिकली.

याच काळात, २००५ मध्ये, महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्या लिलावात काढल्या: ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, कोहिनूर आणि मुंबई टेक्स्टाईल. एकट्या मुंबई टेक्स्टाईलच्या १७ एकरांना ७०२ कोटी आले. ती ज्या कंपनीने घेतली तिने सात वर्षांनी तीच जमीन दुसऱ्या बिल्डरला २७०० कोटींच्या वर विकली. मधल्या काळात तिथे काही उभं राहिलं नव्हतं.

मालकांना शिव्या घालणं सोपं असतं. मी त्यांना फारसा दोष देत नाही. व्यापारी माणूस नफा बघणारच. पण ५८ पैकी २५ गिरण्या सरकारच्या स्वतःच्या होत्या. तिथे ना मालकाला पटवायचं होतं, ना कायदा बदलायचा होता. एकत्र धरून वाटण्याची कल्पना निदान तिथे तरी करून पाहता आली असती. सरकारला आजारी महामंडळ सावरायला आणि स्वेच्छानिवृत्तीचे पैसे द्यायला रोकड हवी होती, म्हणून तुकडे पाडले आणि बोली लावली. आमच्या गावात कर्ज फेडायला बांधाबांधाने रान विकतात, तसंच.

पूल

लोअर परळ, करी रोड, परळ, एल्फिन्स्टन रोड. ही स्टेशनं ज्या काळात घडली त्या काळात तिथे काम करणारा माणूस बहुतेक चालत यायचा. पादचारी पूल त्या हिशेबाने बांधलेले. २००५ नंतर दहा वर्षांत जिथे एकमजली शेड होती तिथे वीस-तीस मजली कचेऱ्या झाल्या, आणि त्यांच्यात काम करणारे जवळपास सगळे गाडीने यायला लागले. जमिनीचा वापर बदलला, पुलाची रुंदी तीच राहिली.

मी स्वतः परळ आणि एल्फिन्स्टन जोडणारा पादचारी पूल रोज चढायचो. सकाळी साडेनऊला परळकडून एल्फिन्स्टनकडे जाताना पाय उचलायचा नाही, सरकवायचा. बॅग पोटाशी, छत्री उभी धरलेली. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर गर्दी गोठायची आणि मागून येणारा लोंढा थांबायचा नाही. वरून एकदा खाली पाहिलं तर फक्त डोकी आणि डब्याच्या पिशव्या. आम्ही त्यावर विनोद करायचो.

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याचा आदला दिवस, फुलांचा बाजार, सकाळची वेळ आणि अचानक कोसळलेला पाऊस. पुलावरचे लोक भिजायला नको म्हणून जिन्यावर थांबले, खालून गाड्या माणसं ओततच राहिल्या. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराला बोलावलं गेलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पादचारी पूल खुला झाला, करी रोडलाही एक. कोरियांच्या अहवालात स्टेशनाबाहेरच्या चौकाची सूचना होती ती नेमक्या याच भागासाठी. चौक असता तर ही माणसं वाचली असती असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. वर्गात मात्र मी दोन नकाशे शेजारी शेजारी लावतो आणि गप्प बसतो.

तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्री, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जण मेले. तिथेही मुद्दा तोच. जागेचा वापर बदलला आणि बाकीचं सगळं जुनंच राहिलं: वाटा, जिने, बंब आत येण्याची सोय. एल्फिन्स्टन रोडचं नाव पुढल्या वर्षी प्रभादेवी झालं.

आणि २०१८ च्या जुलैमध्ये अंधेरीचा पूल पडल्यावर तपासण्या झाल्या, त्यात वडील ज्यावरून कामाला जायचे तो लोअर परळचा पूल धोकादायक ठरला आणि बंद झाला. तो पूर्णपणे खुला व्हायला पाच वर्षं लागली. दहा-बारा मिनिटांच्या त्या वाटेला या काळात करी रोडवरून वळसा घालून पाऊण तास लागायचा. आईने त्या पाच वर्षांत पलीकडच्या मंडईत जाणं सोडलं ते सोडलंच.

बरं काय झालं

एकतर्फी लिहायचं नाही म्हणून. रोजगार आला. बँका, वाहिन्या, कचेऱ्या इथे आल्या आणि शहराचा भार दक्षिणेकडून थोडा वर सरकला. आमच्या चाळीतली दोन मुलं आज त्याच कचेऱ्यांत चांगल्या पगारावर आहेत. बरीचशी मात्र गेटवर, हाऊसकीपिंगला किंवा मोटारसायकलवर पार्सल घेऊन. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० वरून ५००, हे साधं नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत पालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय आकाराला येतंय. आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात मुलीला घेऊन मी मॉलमध्ये जातो, एसीत बसतो, चिमणीचा फोटो काढतो.

फाईल

म्हाडाच्या वाट्याचं पुढे काय झालं, हे राहिलं. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीसारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर कामगारांना घरं द्यायचं तत्त्व मान्य झालं. १९८२ च्या जानेवारीत कामावर असलेले आणि त्यांचे वारस पात्र. अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. पहिली सोडत २८ जून २०१२ ला निघाली, ६९२५ घरांची. मार्च २०२० च्या सोडतीत ३८९४ घरं होती, २२५ चौरस फुटांची, साडेनऊ लाखांना. सगळ्या सोडती मिळून घरं पंधरा-सोळा हजार. बाकीच्यांसाठी २०२४ मध्ये सरकारने शेलू आणि वांगणीचा प्रस्ताव आणला, ८१ हजार घरांचा. बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानावर कामगार आणि वारस जमले ते ‘मुंबईतच घर द्या’ म्हणत. आईही गेली होती, गुडघ्याला पट्टा बांधून.

ज्या माणसाने लोकलचा पास काढला नाही त्याच्या बायकोला सरकार वांगणीचं घर देतंय. वडील २००९ मध्ये गेले. त्यांचे कागद आईने एका चेनच्या पिशवीत ठेवलेत: हजेरीचं कार्ड, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, तिकीट नंबर लिहिलेली एक चिठ्ठी. एका कार्यालयात तिला तीनदा परत पाठवलं, कारण हजेरी कार्डावर नाव ‘बाळू’ आणि रेशनकार्डावर ‘बाळकृष्ण’. चौथ्या वेळी प्रतिज्ञापत्र करून मी बरोबर गेलो. खिडकीवरच्या मुलाने गिरणीचा पत्ता विचारला. मी आता तिथे जो टॉवर आहे त्याचं नाव सांगितलं. आईने मला थांबवलं आणि म्हणाली, ‘पुलाखालचं दुसरं गेट, असं लिहा.’

त्याने लिहिलं. नंबर यायचा आहे. पिशवीची चेन गेल्या पावसात तुटली, तर परवा तिने लालबागहून नवी पिशवी आणली, आधीच्यापेक्षा मोठी.